शूटिंग गावात, फुटेजचा पैसा मुंबईत? कॅमेऱ्यातला डेटा सांभाळायला खर्च किती, आणि ते काम तालुक्यातल्या पोरांना का मिळत नाही

वाई : पावसाळा सरला, कृष्णेचं पाणी निवळलं की वाई-मेणवलीच्या घाटांवर शूटिंगच्या गाड्या लागायला सुरुवात होते. 'गंगाजल', 'स्वदेस', 'दबंग', 'चेन्नई एक्सप्रेस' अशा मोठ्या सिनेमांनी हा परिसर देशभर पोचवला. त्यानंतर मालिका आल्या, वेब सिरीज आल्या, जाहिराती आल्या. शूटिंग आलं की गावाला काय मिळतं, हे आता सगळ्यांना पाठ आहे. वाड्याचं भाडं, खोल्यांचं भाडं, जेवणाची ऑर्डर, जीपगाड्या आणि गर्दीत उभं राहायला माणसं.

पण त्याच सेटवर एक काम असं चालतं, ज्याकडे गावाचं लक्षच जात नाही. एखाद्या बंद खोलीत किंवा व्हॅनमध्ये एक-दोन माणसं लॅपटॉप आणि डिस्का लावून बसलेली असतात. कॅमेऱ्यातून निघालेलं कार्ड त्यांच्या हातात येतं आणि त्यांनी 'ठीक आहे' म्हटल्याशिवाय ते कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात जात नाही. दिवसभर शंभर माणसांनी राबून जे मिळवलं, ते सगळं त्या टेबलावर असतं. ही माणसं मुंबईहून येतात आणि काम संपलं की मुंबईला जातात. त्यांचं सामानही भाड्याने मुंबईहूनच येतं.

दुसऱ्या बाजूला तालुक्यात लग्न, यात्रा, कुस्तीचं मैदान, बैलगाडा शर्यत शूट करणारी शेकडो पोरं आहेत. हेच काम ती रोज करतात, पण फुकट. बिलात 'डेटा' नावाची ओळच नसते. मोठ्या शूटिंगचं काम बाहेरचा नेतो आणि लहान शूटिंगच्या कामाचा दर कुणी लावत नाही. दोन्हीकडून तोटा तालुक्याचाच आहे. तो कसा, हे समजायचं तर आधी या कामाचा हिशोब मांडावा लागतो.

हे काम नेमकं काय?

पूर्वी सिनेमा रिळावर शूट व्हायचा. ३५ एमएमचं हजार फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटं चालायचं. भरलेले डबे मुंबईच्या लॅबमध्ये जायचे, धुतले जायचे आणि आलेलं काम कसं आहे ते नंतर कळायचं. रीळ महाग, म्हणून शूटही मोजून-मापून व्हायचं.

आता रिळाच्या जागी कार्ड आलं. कार्ड रिकामं करून पुन्हा वापरता येतं, म्हणून कॅमेरा जास्त वेळ चालू ठेवला जातो. पण धोकाही नेमका तिथेच आहे. रीळ कुणी पुसत नव्हतं, कार्ड मात्र रोज पुसलं जातं. पुसण्याआधी त्यातलं सगळं दुसरीकडे नीट गेलं आहे की नाही, याची खात्री करणं हेच या कामाचं मूळ. सेटवर या माणसाला कुणी 'डीआयटी' म्हणतं, कुणी 'डेटा रँगलर', तर कुणी नुसतं 'डेटावाला'.

कामाचा क्रम ठरलेला असतो. भरलेल्या कार्डावर लगेच रंगीत पट्टी आणि नंबर पडतो. कार्डातला माल कमीत कमी दोन आणि मोठ्या कामात तीन वेगवेगळ्या डिस्कांवर उतरतो. मग तपासणी होते. ही तपासणी फाइल उघडून बघण्यापुरती नसते. प्रत्येक फाइलचा एक आकडी ठसा काढला जातो, त्याला चेकसम म्हणतात. माणसाच्या अंगठ्यासारखा तो ठसा असतो. फाइलमधला कणभर भाग बदलला तरी ठसा बदलतो. कार्डावरच्या फाइलचा आणि डिस्कवरच्या फाइलचा ठसा जुळला, तरच कॉपी खरी. त्यानंतर फुटेज डोळ्यांनी पाहिलं जातं. फोकस गेलाय का, आवाज आहे का, एखादा शॉट अर्धवट आहे का, हे बघून नोंद होते. एवढं झाल्यावरच कार्ड पुसायला परवानगी मिळते.

बऱ्याच सेटवर यापुढचं कामही तिथेच होतं. एडिटरला लगेच कापाकापी सुरू करता यावी म्हणून फुटेजच्या हलक्या प्रती बनवायच्या, त्यावर तात्पुरता रंग चढवायचा, आवाज जुळवायचा आणि दिवसाचं काम दिग्दर्शकाला त्याच रात्री दाखवायचं.

एका तासाला किती जीबी?

खर्च समजण्यासाठी आधी वजन समजलं पाहिजे. एक तास शूट केल्यावर किती माल तयार होतो, ते साधारण असं :

• मोबाइलवर ४के, ३० फ्रेम : सुमारे १० जीबी
• लग्नात दिसणारा लहान ४के कॅमेरा, १०० एमबीपीएस : ४५ जीबी
• व्यावसायिक कामातलं प्रोरेस ४२२ एचक्यू, ४के, २५ फ्रेम : सुमारे ३३० जीबी
• मोठ्या सिनेमाच्या कॅमेऱ्याचं साडेचार-के 'रॉ' फुटेज, २४ फ्रेम : पावणेदोन टीबीच्या आसपास, म्हणजे सुमारे १,७५० जीबी

मोबाइलचा एक तास आणि सिनेमाच्या कॅमेऱ्याचा एक तास, यात पावणेदोनशे पटींचा फरक पडतो. शूटिंग बघायला गेलेल्या माणसाला दोन्ही कॅमेरेच दिसतात, पण मागचा खर्च जमीन-अस्मानाचा आहे.

आता एक हिशोब धरू. मध्यम आकाराचं काम आहे, दोन कॅमेरे आहेत आणि दोन्ही मिळून दिवसाला चार तासांचं प्रोरेस फुटेज निघतं. म्हणजे दिवसाला सुमारे १.३ टीबी. तीन प्रती केल्या तर जवळपास ४ टीबी. वीस दिवसांचं शूटिंग असेल तर ८० टीबीच्या घरात जागा लागणार. डिस्कांचे भाव सतत खाली-वर होतात, म्हणून हिशोबापुरते एका टीबीला ५ हजार रुपये धरले, तर नुसत्या जागेचे ४ लाख रुपये झाले. तेच काम 'रॉ'मध्ये केलं तर हाच आकडा २१ लाखांच्या पुढे जातो. प्रत्यक्षात मोठ्या डिस्का आणि टेप वापरून तो खाली आणतात. पण कॅमेरा कोणता आणि फुटेज कशात घ्यायचं, हा निर्णय घेतानाच डेटाचा खर्च ठरून जातो, हे यातून दिसतं.

पैशाइतकाच मोठा प्रश्न वेळेचा आहे. साध्या पोर्टेबल हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला १०० ते १३० एमबी असतो. १.३ टीबी उतरवायला तीन तास लागतात. ठसे जुळवायचे तर सगळं पुन्हा वाचावं लागतं, म्हणजे जवळपास तेवढाच वेळ आणखी. शूटिंग संध्याकाळी सातला संपलं तरी डेटावाल्याचा दिवस मध्यरात्री नाहीतर पहाटे संपतो. एसएसडी वापरली तर हेच काम अर्ध्या-पाऊण तासात उरकतं, पण एसएसडी टीबीमागे महाग पडते. म्हणून सेटवर घाईच्या कामाला एसएसडी आणि साठवायला हार्ड डिस्क, अशी विभागणी केली जाते.

मुंबईला पाठवून का चालत नाही?

साधा प्रश्न पडतो की एवढा खटाटोप गावात कशाला? कार्ड मुंबईला पाठवा, तिथे बघतील. किंवा नेटवरून पाठवा.

नेटचं गणित करून बघावं. गावात २० एमबीपीएसचा अपलोड वेग मिळाला, तर एक टीबी चढवायला साडेचार दिवसांहून जास्त लागतात. शंभरचा वेग मिळाला तरी २२ तास जातात, आणि तोवर दुसऱ्या दिवसाचा माल तयार असतो. त्यापेक्षा डिस्क गाडीत टाकली तर वाईहून निघालेली गाडी पाच-सहा तासांत मुंबई गाठते. म्हणूनच आजही मोठ्या शूटिंगचा माल माणसाच्या हातानेच जातो. त्यातही शहाणं युनिट सगळ्या प्रती एका गाडीत ठेवत नाही. एक प्रत मुंबईला जाते, एक लोकेशनवर राहते आणि तिसरी वेगळ्या माणसाकडे किंवा वेगळ्या ठिकाणी ठेवली जाते. गाडीचा अपघात झाला, बॅग चोरीला गेली किंवा खोलीत पाणी शिरलं, तरी निदान एक प्रत वाचली पाहिजे.

कार्ड थेट मुंबईला पाठवायचं म्हटलं, तर रोज नवीन कार्डं लागतील. सिनेमाच्या कॅमेऱ्याची कार्डं डिस्कपेक्षा कितीतरी महाग असतात. ती दोन-चारच असतात आणि तीच फिरवावी लागतात. म्हणून ती सेटवरच रिकामी करणं भाग आहे.

तिसरं कारण सगळ्यात मोठं. चूक कधी कळते, यावर तिची किंमत ठरते. एखाद्या शॉटला फोकस गेलाय हे संध्याकाळी सेटवरच कळलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो शॉट पुन्हा घेता येतो. नट तिथेच असतो, वाडा भाड्याने घेतलेलाच असतो, लाइट लागलेले असतात. तेच महिन्याभराने मुंबईत कळलं, तर नटाच्या तारखा, वाड्याची परवानगी, गाड्या, राहणं-जेवण हे सगळं नव्याने. आणि घाटावरचं पाणी उतरलं असेल, शेतातला ऊस तुटला असेल, तर तो शॉट जुळतच नाही. डेटाच्या टेबलावर होणारा खर्च हा एक प्रकारचा विमाच असतो.

नेटचा उपयोग मात्र दुसऱ्या प्रकारे होतो. मूळ फुटेजच्या हलक्या प्रती, ज्यांना प्रॉक्सी म्हणतात, त्या तासाला दोन-सव्वादोन जीबीत बसवता येतात. चार तासांचं फुटेज म्हणजे ९ जीबी. २० एमबीपीएसवर तासाभरात ते मुंबईत पोचतं आणि एडिटर त्याच रात्री कामाला लागतो. मूळ माल नंतर डिस्कवरून जातो आणि दोन्हींची जुळणी होते. यासाठी गावात फायबरचं कनेक्शन असेल तर काम सोपं. मोबाइलच्या नेटवर डाउनलोडचा वेग कितीही दिसला तरी अपलोडचा वेग बराच कमी असतो. शूटिंगसाठी जागा देणाऱ्याने आपल्या खोलीतल्या नेटचा अपलोड वेग तपासून ठेवला, तर भाडं ठरवताना तोही एक मुद्दा होऊ शकतो.

विजेची खरी भानगड

मोठ्या युनिटचा जनरेटर सोबत असतो. पण त्याच्यावर आधी लाइट, मग बाकीचं. शूटिंग संपलं की जनरेटर बंद होतो आणि डेटाचं काम नेमकं तेव्हाच जोरात चालू असतं. मग गावातल्या लाइनवर यावं लागतं. तिथे व्होल्टेज कमी-जास्त होतं, फ्यूज जातो, दुरुस्तीसाठी लाइन बंद होते.

कॉपी चालू असताना वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण भिंतीतून वीज घेणारी मोठी डिस्क तिथेच बंद पडते. फाइल अर्धवट राहते आणि कधी डिस्कचा सगळा कप्पाच उघडेनासा होतो. वाईट गोष्ट म्हणजे अर्धवट फाइल यादीत दिसते. नाव तेच, जागा तीच. ठसा न जुळवता कार्ड पुसलं, तर चूक कळायला महिना जातो.

यावरचा उपाय मात्र गावाच्या आवाक्यातला आहे. लॅपटॉप, दोन-तीन डिस्का आणि एक स्क्रीन मिळून भार साधारण २५० वॅटच्या आसपास येतो. घरोघरी असतो तसा १५० एएचच्या चांगल्या बॅटरीचा इन्व्हर्टर एवढा भार साधारण चार तास ओढतो. वीज गेल्यावर तो झटक्यात बदलला पाहिजे, म्हणून त्यावर यूपीएसचा मोड लावून ठेवावा लागतो. नीट अर्थिंग असलेली, कुलूपबंद, सावलीची एक खोली आणि असा इन्व्हर्टर, एवढं ज्याच्या वाड्यात किंवा लॉजमध्ये तयार आहे, त्याला युनिटकडून भाड्याचे पैसे वेगळे मागता येतात. आज बहुतेक ठिकाणी ही खोली 'कोपऱ्यात बसा' म्हणून फुकट दिली जाते.

ऊन, धूळ आणि भंडारा

लॅपटॉप आणि डिस्कांना माणसापेक्षा जास्त ऊन लागतं. ॲपलसारखी कंपनी आपल्या लॅपटॉपसाठी भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंतच धरते. एप्रिल-मेमध्ये माण-खटावकडे पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उभ्या गाडीत तर त्याहून जास्त. मशीन तापलं की ते आपोआप हळू होतं, कॉपीचा वेळ वाढतो आणि डिस्कचं आयुष्य घटतं. महाबळेश्वर-जावळीकडे उलटा त्रास. पावसाळ्यात सादळलेली हवा, धुकं आणि थंड खोलीतून बाहेर आणलेल्या सामानावर धरणारं पाणी.

यात्रेचं शूटिंग करणाऱ्यांना वेगळीच कसरत करावी लागते. पालीच्या खंडोबाला भंडारा, इतर यात्रांत गुलाल. हा बारीक भुगा कार्डाच्या खाचेत आणि रीडरच्या पिनांत जाऊन बसतो. उघड्यावर कार्ड बदलायचंच नाही, कार्डाची डबी झिपच्या पिशवीत ठेवायची, रीडर कधीही फुंकर मारून साफ करायचा नाही कारण तोंडातली ओल आत जाते, एवढे नियम पाळले तरी निम्मा त्रास वाचतो.

मग पैसा जातो कुठे?

मोठ्या शूटिंगच्या डेटाचा खर्च चार खात्यांत जातो : माणूस, त्याचं सामान, डिस्का आणि ने-आण. यातला माणूस दिवसाच्या दराने येतो. लॅपटॉप आणि रीडर त्याचे स्वतःचे असतील तर त्यांचं भाडं वेगळं लावायची पद्धत आहे. डिस्का निर्माता विकत घेतो. मुंबईहून माणूस आणला की त्याचा प्रवास, राहणं आणि जेवण वेगळं.

निर्मात्याच्या नजरेने बघितलं तर तालुक्यातला माणूस स्वस्त पडायला हवा. राहण्याचा खर्च नाही, प्रवास नाही. तरी तो घेतला जात नाही, कारण इथे प्रश्न स्वस्ताईचा नाही, भरवशाचा आहे. ज्या माणसाच्या हातात सगळ्या सिनेमाचा माल द्यायचा, तो आधी कुणाच्या तरी हाताखाली काम केलेला असावा लागतो. शिवाय मुंबईतली कामं बरीचशी ओळखीवर आणि कामगार संघटनांच्या सभासदत्वावर चालतात. गुप्ततेचा करार सही करावा लागतो. सेटवरचा एक फोटो स्टेटसला टाकला तरी काम जातं, आणि मग त्या गावातल्या कुणालाच पुन्हा बोलावत नाहीत. हे शेवटचं कारण कडू वाटेल, पण युनिटवाल्यांना त्याची भीती असते.

म्हणून पहिल्याच दिवशी मुख्य डेटावाल्याची खुर्ची मिळणार नाही, हे धरून चालावं. पण त्याच्या हाताखाली एक मदतनीस लागतोच. कार्ड कॅमेऱ्यापासून खोलीत आणणं, पट्टी लावणं, वहीत नोंद करणं, डिस्कांवर नाव टाकणं, प्रॉक्सी बनवायला लावणं. रात्री बारापर्यंत जागायला मुख्य माणसालाही कुणी हवंच असतं. हे काम महागड्या शिक्षणाचं नाही, शिस्तीचं आहे. आणि भरवसा मिळतो तो इथूनच.

लग्नाच्या शूटिंगमधला न दिसणारा खर्च

सिनेमा वर्षातून काही दिवस येतो. लग्नं, बारशी, यात्रा, शर्यती मात्र दर आठवड्याला असतात. बैलगाडा शर्यतींना २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून वाट मोकळी झाल्यापासून शर्यतींचं थेट प्रक्षेपण आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ हाही एक धंदा झाला आहे. 'गावाकडच्या गोष्टी' किंवा बारामती तालुक्यातली 'चांडाळ चौकडीच्या करामती' यांसारख्या मालिकांनी गावात शूट करून गावातूनच लाखो प्रेक्षक मिळवता येतात, हेही दाखवून दिलं.

या सगळ्या कामांत डेटा कोण सांभाळतो? कॅमेरामनच. कधी? रात्री दमून घरी आल्यावर. कशावर? ज्या डिस्कवर जागा असेल तिच्यावर. दर किती? शून्य.

एका लग्नाचा हिशोब बघू. हळद आणि लग्न असे दोन दिवस, तीन कॅमेरे, प्रत्येकाचं दोन दिवसांचं मिळून सहा तासांचं रेकॉर्डिंग. १८ तास गुणिले ४५ जीबी, म्हणजे ८१० जीबी. दोन प्रती केल्या तर १.६ टीबी. हंगामात वीस लग्नं केली तर एका प्रतीला १६ आणि दोन प्रतींना ३२ टीबी. एवढ्या डिस्का कुणी घेत नाही. मग एकच प्रत ठेवली जाते किंवा जागा करायला जुनं लग्न पुसलं जातं. अल्बम झालेला नसताना डिस्क पडली की भांडण होतं, पैसे परत द्यावे लागतात आणि नाव जातं. लग्न काही पुन्हा लावता येत नाही.

यावर जमण्यासारखी एक व्यवस्था आहे. एक टीबीची एक डिस्क लग्नघराच्या खर्चाने घ्यायची आणि काम झाल्यावर मूळ फुटेजसह त्यांच्याच ताब्यात द्यायची. दुसरी प्रत स्वतःकडे तीन महिने ठेवायची आणि मग ती डिस्क पुढच्या कामाला वापरायची. तीन महिन्यांत आठ लग्नं होत असतील तर अशा आठ डिस्का फिरत्या लागतात. ५ हजारांच्या हिशोबाने ४० हजार रुपये. दोन हंगामांत चाळीस लग्नं झाली तर एका लग्नामागे हजार रुपये पडतात. त्यात कार्डांची झीज आणि कॉपी-तपासणीचा अर्धा दिवस धरला, तर बिलात 'डेटा सुरक्षितता' ही ओळ लिहिणं म्हणजे लूट नाही. मात्र ती लिहायची तर खरोखर दोन प्रती केल्या पाहिजेत आणि फुटेज किती दिवस सांभाळणार हे पावतीवर लिहून दिलं पाहिजे. 'कायमचं ठेवतो' असं तोंडी कुणालाच सांगू नये.

लग्नघराच्या बाजूनेही हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. शूटिंगचा सौदा ठरवताना फक्त ड्रोन आहे का आणि अल्बम किती पानांचा, एवढंच विचारलं जातं. कार्डाच्या किती प्रती करणार, मूळ फुटेज देणार का, किती महिने ठेवणार, हे तीन प्रश्न विचारले तर कोण नीट काम करतो ते लगेच कळतं. दोन हजारांनी स्वस्त असलेला माणूस एकाच प्रतीवर काम करत असेल, तर तो स्वस्त नाही.

चुकून कार्ड पुसलं गेलंच तर पहिली गोष्ट म्हणजे त्या कार्डावर पुढे काहीही रेकॉर्ड करायचं नाही. फक्त फॉरमॅट झालेल्या कार्डातला माल पुष्कळदा परत मिळतो. त्यावर नवीन शूट चढलं की जुनं गेलं ते गेलंच.

तालुक्यात काय होऊ शकतं?

एवढ्या मोठ्या धंद्यातला थोडा वाटा इथे राहावा असं वाटत असेल, तर तीन ठिकाणी हात घालावा लागेल.

पहिलं, शिकणं. आयटीआयमध्ये मल्टिमीडिया, ॲनिमेशन अँड स्पेशल इफेक्ट्स हा ट्रेड आहे, पण तो सगळ्या तालुक्यांत चालत नाही. डेटाचं काम शिकायला दोन वर्षं लागत नाहीत. सुट्टीच्या दिवसांतला छोटा वर्ग पुरेसा आहे. डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही कार्डाची तपासून कॉपी करायची सोय आहे आणि प्रॉक्सीही बनतात. म्हणजे शिकण्यासाठी सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. लग्नाचं काम करणाऱ्या पोराने तीच पद्धत उद्यापासून स्वतःच्या कामात लावली, तर सहा महिन्यांत त्याच्याकडे दाखवायला नोंदवही तयार होते.

दुसरं, एकत्र येणं. एकट्या पोराला एसएसडी, यूपीएस, वेगवान रीडर हे सगळं घेणं जड जातं. ट्रॅक्टरची अवजारं जशी गट करून घेतली जातात, तसं चार-पाच जणांनी मिळून एक डेटा किट घेतलं तर ते हंगामभर फिरतं. वाई, फलटण, कराड अशा ठिकाणी असं एखादं किट भाड्याने मिळायला लागलं, तर पुण्या-मुंबईहून सामान आणणाऱ्या लहान युनिटलाही ते परवडेल.

तिसरं, ग्रामपंचायत आणि जागेचे मालक. राज्यात शूटिंगच्या परवानग्यांसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. पण गावातल्या जागेचं बोलणं शेवटी गावातच होतं. ते होताना फक्त भाड्याच्या आकड्यावर अडून बसण्याऐवजी डेटाची खोली, इन्व्हर्टर, फायबर आणि दोन स्थानिक मदतनीस, असं सगळं एकत्र मांडता येतं. कुणाला कामावर घ्या अशी सक्ती करता येत नाही आणि करूही नये. सक्ती केली की युनिट पुढच्या वेळी दुसरा घाट शोधतं. पण तयार खोली आणि तयार माणूस समोर असला, तर रात्री मुंबईचा माणूस बोलावण्यापेक्षा तो सोयीचा पडतो.

वाडा आणि घाट पूर्वजांनी बांधून ठेवले, त्यांचं भाडं आज मिळतं. पण भाडं घेणारी घरं मोजकी असतात. लॅपटॉपपुढे बसून इमानदारीने कॉपी करणारा पोरगा गावातल्या कुठल्याही घरातला असू शकतो. येत्या हंगामात गाड्या लागतील तेव्हा गर्दीत उभं राहायला पोरं जातीलच. त्यातल्या दोघा-चौघांनी त्या बंद खोलीतल्या माणसाकडे जाऊन 'रात्री मदतीला कुणी हवंय का' एवढं विचारायला हरकत नाही. फक्त त्याआधी घरच्या लग्नाच्या दोन प्रती करून, ठसे जुळवून बघितलेले असावेत.